स्पीड बदलला की ट्रान्झिशन का बिघडतं? नेहमीच्या तक्रारींचं निदान

व्हिडिओ एडिट करताना क्लिपच्या वेगाला हात लावेपर्यंत सगळं सुरळीत असतं. कट जागेवर असतात, क्रॉस डिझॉल्व्ह, म्हणजे एक क्लिप विरत दुसरी उमटण्याचं ट्रान्झिशन, नीट चालत असतं. मग एका क्लिपला ४०० टक्के स्पीड दिला जातो आणि तेच डिझॉल्व्ह मध्येच गोठतं, नाहीतर सॉफ्टवेअर ते लावूच देत नाही, नाहीतर दोन क्लिपांच्या मध्ये क्षणभर काळा पडदा दिसतो. इथून पुढचा क्रम ठरलेला आहे. आधी ट्रान्झिशन काढून दुसरं लावायचं, मग तिसरं, मग सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडायचं, आणि शेवटी ट्रान्झिशनचा नवा पॅक डाउनलोड करायचा. बिघाड तसाच राहतो, कारण ट्रान्झिशनमध्ये बिघाड नव्हताच.

बहुतेक वेळा प्रश्न फ्रेमच्या, म्हणजे व्हिडिओतल्या एकेका स्थिर चित्राच्या, शिलकीचा असतो. स्पीड आणि ट्रान्झिशन दोघंही मूळ फाइलमधून फ्रेम उचलतात. एकाने जास्त उचलल्या की दुसऱ्याला कमी पडतात. हे लक्षात ठेवलं तर खाली दिलेल्या बऱ्याचशा तक्रारी सॉफ्टवेअर कोणतंही असो, एकाच पद्धतीने तपासता येतात.

हँडल संपलंय का, हे आधी बघा

डिझॉल्व्ह चालू असताना दोन्ही क्लिप एकाच वेळी पडद्यावर असतात. म्हणजे पहिली क्लिप कटच्या पुढेही थोडी लागते आणि दुसरी कटच्या आधीपासून लागते. मूळ फाइलमध्ये आहे पण ट्रिम करून झाकलेलं आहे, अशा या फुटेजला हँडल म्हणतात. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर (क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीवर) एक सेकंदाचं ट्रान्झिशन कटच्या बरोबर मधोमध बसवलं, तर दोन्ही बाजूंना साधारण १२-१३ फ्रेमचं हँडल हवं.

ट्रान्झिशनची लांबी टाइमलाइनवरच्या वेळेत मोजली जाते, पण हँडल खर्च होतं ते मूळ फाइलमधलं. १०० टक्के वेगाला अर्ध्या सेकंदाच्या हँडलसाठी मूळ फाइलमधलं अर्धा सेकंद फुटेज लागतं. २०० टक्क्यांना एक सेकंद लागतं, ४०० टक्क्यांना दोन सेकंद. उलट ५० टक्क्यांना फक्त पाव सेकंद पुरतं. म्हणून नॉर्मल वेगाला व्यवस्थित चाललेलं ट्रान्झिशन वेग वाढवल्यावर उपाशी पडतं. ट्रान्झिशन तेच आहे, त्याची मागणी चौपट झाली आहे.

सॉफ्टवेअर हे सांगतं, पण प्रत्येकाची सांगण्याची तऱ्हा वेगळी. प्रीमिअर प्रो ‘इनसफिशिअंट मीडिया’ असा इशारा देतं आणि शेवटच्या फ्रेमची पुनरावृत्ती करून गाडी पुढे ढकलतं. टाइमलाइनवर त्या ट्रान्झिशनच्या पट्टीवर तिरप्या रेघा दिसतात. इशाऱ्यावर सवयीने ओके दाबलं गेलं की नंतर ‘डिझॉल्व्ह मध्येच थांबतं’ ही तक्रार येते. तिरप्या रेघा दिसल्या की पुढे काही तपासायला नको, हँडलच कमी आहे. फायनल कट प्रो क्लिप एकमेकींवर सरकवून ट्रान्झिशन तयार करू का, असं विचारतं. हो म्हटलं तर ट्रान्झिशन मिळतं, पण क्लिपा आखूड होतात आणि पुढचं सगळं अलीकडे सरकतं. संगीताच्या ठेक्यावर कट बसवले असतील तर पाच कट पुढे गेल्यावर ठेका चुकलेला कळतो, आणि तोवर कारण विसरलेलं असतं. डाविंची रिझॉल्व्हसुद्धा क्लिप ट्रिम करू का, असं विचारतं. तिथेही हो म्हणण्याआधी आजूबाजूला काय हलेल ते बघून घ्या. शॉटकटमध्ये दोन क्लिपा एकमेकींवर ओढल्या की ट्रान्झिशन बनतं, त्यामुळे तिथे हँडलची तक्रार सहसा ‘व्हिडिओ आपोआप छोटा झाला’ या रूपात येते.

उपाय तीन-चार आहेत आणि ते मी याच क्रमाने करेन. पहिला, ट्रान्झिशनची लांबी कमी करा. ४०० टक्के वेगाने पळणाऱ्या क्लिपवर एक सेकंदाचं डिझॉल्व्ह तसंही चिखल दिसतं. सहा-आठ फ्रेम पुरतात, आणि बऱ्याचदा सरळ कट सगळ्यांत चांगला दिसतो. दुसरा, ट्रान्झिशन कटच्या मधोमध ठेवण्याऐवजी एका बाजूला सरकवा. प्रीमिअरमध्ये ‘स्टार्ट अ‍ॅट कट’ निवडलं की फक्त आधीच्या क्लिपच्या शेपटीचं हँडल लागतं, ‘एंड अ‍ॅट कट’ निवडलं की फक्त पुढच्या क्लिपच्या डोक्याकडचं. एका क्लिपमध्ये भरपूर शिल्लक असेल आणि दुसरीत काहीच नसेल, तर एवढ्यावर काम होतं. फक्त त्या एका बाजूला आता ट्रान्झिशनच्या पूर्ण लांबीएवढं हँडल हवं. तिसरा, स्लिप टूलने क्लिपच्या आतलं फुटेज पुढे-मागे सरकवा. टाइमलाइनवरची लांबी आणि जागा तीच राहते, फक्त शिल्लक एका टोकाकडून दुसरीकडे जाते. यातलं काहीच जमलं नाही तरच कट आतल्या बाजूला घ्या.

रिव्हर्स क्लिपची उलटी शिल्लक

उलट्या चालणाऱ्या क्लिपवर ट्रान्झिशन बसत नाही, ही वरच्याच तक्रारीची फसवी आवृत्ती. ‘फाइलच्या शेवटी तर दहा सेकंद जादा आहेत, मग कमी कसलं पडतंय?’ असं विचारलं जातं. क्लिप उलटी केली की टाइमलाइनवर तिच्या शेवटानंतर जे यायला हवं ते मूळ फाइलमध्ये तुमच्या इन पॉइंटच्या (क्लिप जिथून वापरायला घेतली त्या जागेच्या) आधी असतं. शेवटचे दहा सेकंद आता क्लिपच्या डोक्याकडे कामाला येतात, शेपटीकडे नाही. बऱ्याच जणांना क्लिप फाइलच्या पहिल्या फ्रेमपासून वापरायची सवय असते. सरळ चालवताना ते खपून जातं, पण रिव्हर्स केल्यावर शेपटीला एक फ्रेमही उरत नाही. उलटी करायची क्लिप निवडताना सुरुवातीची दोन-तीन सेकंदं सोडूनच इन पॉइंट द्या.

मध्येच काळा पडदा

हँडल भरपूर आहे, तिरप्या रेघा नाहीत, तरी डिझॉल्व्ह दोन क्लिपांमध्ये न होता काळ्यातून होतं. अशा वेळी टाइमलाइन जितकी मोठी करता येईल तितकी करा आणि कटवर नजर टाका. बहुतेक वेळा एक-दोन फ्रेमची फट सापडेल. स्पीड वाढवला की क्लिप आखूड होते, आणि पुढच्या क्लिपा मागे ओढून घ्यायला सांगितलं नसेल तर रिकामी जागा राहते. तिथे लावलेलं ट्रान्झिशन मग एकाच क्लिपचं होतं, म्हणजे पहिली क्लिप काळ्यात विरते आणि दुसरी काळ्यातून उगवते. प्रीमिअरमध्ये कंट्रोल आणि आर दाबल्यावर उघडणाऱ्या स्पीड/ड्युरेशनच्या खिडकीत पुढच्या क्लिपाही सोबत सरकवणाऱ्या ‘रिपल एडिट’ची चौकट असते. ती टिक केली की फट राहत नाही. रिझॉल्व्हच्या ‘चेंज क्लिप स्पीड’मध्येही रिपलचा पर्याय आहे.

वेग कमी केल्यावर याच चौकटीचा दुसरा त्रास होतो. क्लिप लांबायला हवी, पण शेजारची क्लिप चिकटून उभी असेल आणि रिपल बंद असेल तर तिला जागाच मिळत नाही. प्रीमिअर क्लिपची टाइमलाइनवरची लांबी तीच ठेवतं आणि उरलेली कृती झाकून टाकतं. ५० टक्के केलेल्या क्लिपमध्ये मग अर्धीच हालचाल दिसते. उडी मारणारा माणूस हवेतच असताना डिझॉल्व्ह सुरू होतं आणि ‘ट्रान्झिशन लवकर सुरू होतंय’ अशी समजूत होते. ट्रान्झिशन वेळेवरच आहे, क्लिपचा शेवट मात्र कटच्या पलीकडे राहिला आहे.

रिपल करताना एक काळजी घ्यावी लागते. वरच्या ट्रॅकवरची शीर्षकं आणि खालचं संगीत त्याबरोबर हलायला हवं की नको, हे आधी ठरवा. संगीत जागेवर राहायला हवं असेल तर तो ट्रॅक लॉक करून मगच स्पीड बदला.

टक्क्यांचा अर्थ सगळीकडे एक नाही

हा मुद्दा लहान आहे, पण यात तास जातात. प्रीमिअर आणि रिझॉल्व्हमध्ये २०० टक्के म्हणजे दुप्पट वेग. आफ्टर इफेक्ट्सच्या टाइम स्ट्रेचमध्ये २०० टक्के म्हणजे दुप्पट लांबी, म्हणजेच अर्धा वेग. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये सहसा गुणक असतो, ०.५ म्हणजे हळू. एका सॉफ्टवेअरमधून दुसरीकडे गेल्यावर क्लिप नेमकी उलट वागली तर आधी हे बघा.

प्लेबॅकचा वेग आणि क्लिपचा वेग यांचीही गल्लत होते. एल बटण दोनदा दाबलं की टाइमलाइन वेगाने चालते, ‘जे’ बटण दाबलं की उलटी चालते, ‘के’ बटण दाबलं की थांबते. हे फक्त बघण्यापुरतं असतं, क्लिप आहे तशीच राहते. एक्स्पोर्ट केलेली फाइल व्हीएलसीमध्ये पळताना दिसली तर तिथला वेग आधी नॉर्मल करा. चौकोनी कंसाच्या बटणांना चुकून हात लागला की तिथला वेग बदलतो आणि बरोबरच्या चिन्हाने तो पूर्ववत होतो. एडिटमध्ये शोधून तिथे काही सापडणार नाही.

स्पीड रॅम्पच्या टोकाला ट्रान्झिशन

रॅम्पमध्ये क्लिप एका वेगाने सुरू होते आणि दुसऱ्या वेगाने संपते. शेवटच्या कीफ्रेमनंतर (वेग बदलण्याच्या शेवटच्या खुणेनंतर) तोच वेग पुढे चालू राहतो, हँडलमध्येही. शेवटी ६०० टक्के ठेवले असतील तर डिझॉल्व्ह ६०० टक्क्यांच्या दराने फुटेज खाणार. शेवटी फ्रीझ ठेवला असेल तर डिझॉल्व्हमध्ये स्थिर चित्रच दिसणार. दोन्हींत सॉफ्टवेअर आपलं काम बरोबर करत असतं.

सोपा नियम असा की ट्रान्झिशनचा भाग स्थिर वेगाचा ठेवा. रॅम्प कटच्या आधी १०-१५ फ्रेम संपवा, मग तिथून १०० टक्क्यांच्या आसपासच्या वेगात डिझॉल्व्ह करा. वेगानेच एका दृश्यातून दुसऱ्यात झेपावल्यासारखा परिणाम हवा असेल तर डिझॉल्व्ह लावूच नका. पहिली क्लिप शेवटच्या अर्ध्या सेकंदात १०० वरून ७००-८०० टक्क्यांपर्यंत चढवा, सर्वाधिक वेगाला सरळ कट मारा, आणि दुसरी क्लिप त्याच वेगाने सुरू करून १०० वर उतरवा. दोन्ही क्लिपांत कॅमेऱ्याची दिशा एकच असेल तर कट कुठे आहे ते डोळ्याला कळत नाही. एकीत कॅमेरा डावीकडे आणि दुसरीत उजवीकडे जात असेल, तर जगातलं कोणतंही ट्रान्झिशन तो झटका लपवणार नाही. कीफ्रेम दुभंगून त्यांना वक्र द्यायला विसरू नका, म्हणजे वेग एकदम न बदलता हळूहळू बदलतो. रॅम्प ‘यांत्रिक’ दिसण्याचं कारण बहुतेकदा तेवढंच असतं.

प्रीमिअरमध्ये टाइम रीमॅपिंग (रॅम्प बनवायची सोय) फक्त चित्राला लागू होतं. जोडलेला आवाज मूळ वेगानेच चालतो. रॅम्पनंतर ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून सिंक शोधत बसू नका. अशा क्लिपचा आवाज वेगळा करून त्याचं काय करायचं ते स्वतंत्रपणे ठरवा.

नेस्ट केलं आणि शिल्लक गेली

प्रीमिअरमध्ये वॉर्प स्टॅबिलायझर (हलतं चित्र स्थिर करणारा इफेक्ट) आणि बदललेला स्पीड एकाच क्लिपवर चालत नाहीत. सॉफ्टवेअर तसा संदेशही देतं. यावरचा उपाय म्हणजे क्लिप नेस्ट करायची, म्हणजे तिला वेगळ्या सीक्वेन्समध्ये गुंडाळायचं, एक गोष्ट आत आणि दुसरी नेस्टवर. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि बरोबरही आहे, पण त्यातला सापळा सहसा कुणी सांगत नाही.

नेस्ट क्लिपच्या दिसणाऱ्या लांबीएवढंच बनतं. मूळ क्लिपला दोन्हीकडे पाच-पाच सेकंदांचं हँडल असलं तरी नेस्टला शून्य असतं. त्यामुळे काल चाललेलं ट्रान्झिशन आज नेस्ट केल्यावर ‘मीडिया अपुरा’ म्हणतं. रिझॉल्व्हमध्ये कंपाउंड क्लिप (तिथलं नेस्ट) बनवतानाही हाच विचार करावा लागतो.

यावर मार्ग असा. नेस्ट करण्याआधी क्लिप एखाद्या रिकाम्या ट्रॅकवर घ्या आणि दोन्ही टोकांना दोन-दोन सेकंद ओढून मोठी करा. मग नेस्ट करा आणि ते नेस्ट हवं तेवढं ट्रिम करा. आता नेस्टच्या पोटात शिल्लक आहे. आधीच नेस्ट करून झालं असेल तर नेस्ट उघडा आणि आतली क्लिप लांबवा. मात्र सुरुवातीकडून लांबवायची असेल तर आतल्या सगळ्या गोष्टी पुढे सरकवाव्या लागतात, मग बाहेर नेस्टचा इन पॉइंटही तेवढाच पुढे घ्यावा लागतो. हे करण्यापेक्षा नेस्ट मोडून पुन्हा बनवणं मला सोपं वाटतं.

स्लो केल्यावर अडखळणं, भुतं आणि जेली

इथे गणित स्वच्छ आहे. सेकंदाला ६० फ्रेमचं फुटेज २४ च्या टाइमलाइनवर ४० टक्के केलं की मूळची प्रत्येक फ्रेम बरोबर एकदा दिसते. ३० च्या टाइमलाइनवर ५० टक्के. ५० फ्रेमचं फुटेज २५ वर ५० टक्के. १२० फ्रेमचं २४ वर २० टक्के. या आकड्यांच्या खाली गेलात की फ्रेम कमी पडतात. ६० चं फुटेज २४ वर २५ टक्के केलं, तर सेकंदाला फक्त १५ वेगळ्या फ्रेम मिळतात आणि उरलेल्या नऊ सॉफ्टवेअर कुठूनतरी उभ्या करतं. २५ मध्येच शूट केलेलं फुटेज ५० टक्के केलं, तर प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते आणि हालचाल अडखळते. त्यात बिघाड काही नाही, तेवढ्याच फ्रेम टिपल्या गेल्या होत्या.

या फ्रेम कशा उभ्या करायच्या याचे तीन मार्ग बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतात. फ्रेम सॅम्पलिंग, ज्याला रिझॉल्व्हमध्ये निअरेस्ट म्हणतात, आहे तीच फ्रेम पुन्हा दाखवतं. फ्रेम ब्लेंडिंग शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळतं, त्यातून हलणाऱ्या वस्तूंच्या मागे भूत दिसतं. ऑप्टिकल फ्लो दोन फ्रेममधली हालचाल ओळखून मधली नवीच फ्रेम घडवतं. साध्या पार्श्वभूमीवर एकच वस्तू हलत असेल तर ते सुरेख चालतं. एकमेकांना ओलांडणारे हात, चाकाचे आरे, पाण्याचे तुषार, जाळीदार कुंपणामागची हालचाल आली की चित्र जेलीसारखं वितळतं. मी आधी स्वच्छ आकड्यापर्यंतच स्लो करेन, आणि त्याच्या खाली जायचंच असेल तर फक्त त्या तुकड्यावर ऑप्टिकल फ्लो लावेन. संपूर्ण प्रोजेक्टला तो सरसकट लावण्यात रेंडरचा (चित्र आधी तयार करून ठेवण्याचा) वेळही जातो आणि भलत्याच शॉटमध्ये वितळलेली बोटंही सापडतात.

आता ट्रान्झिशनशी याचा संबंध. आधीच एडिट होऊन आलेली फाइल तुम्ही कापून वापरत असाल, तर तुमचं हँडल म्हणजे त्या फाइलमधला पुढचा शॉट असतो. डिझॉल्व्ह लावलं की मध्येच एक-दोन फ्रेम भलतंच दृश्य चमकतं. सरळ कट ठेवला तरी ब्लेंडिंग किंवा ऑप्टिकल फ्लो चालू असताना शेवटच्या फ्रेममध्ये पुढच्या शॉटची सावली मिसळू शकते, कारण मधली फ्रेम घडवायला सॉफ्टवेअर शेजारची फ्रेम मागतं आणि ती दुसऱ्याच शॉटची असते. ऑप्टिकल फ्लोमध्ये तर एक चेहरा दुसऱ्यात विरघळताना दिसतो. यावर उपाय एकच, क्लिप मूळ शॉटच्या शेवटापासून दोन-तीन फ्रेम आत कापा आणि डिझॉल्व्हचा आग्रह सोडा. ट्रान्झिशन हवंच असेल तर तो शॉट आधी वेगळी फाइल म्हणून एक्स्पोर्ट करून घ्या, म्हणजे त्याच्या हँडलमध्ये परका शॉट येणार नाही. हँडल अर्थातच शॉटच्या आतूनच द्यावं लागेल.

स्लो न करताही फुटेज हलकं हिसके देत असेल तर टाइमलाइनचा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम ते) बघा. ६० चं फुटेज २४ वर १०० टक्के चालवलं की फ्रेम दोन-तीन, दोन-तीन अशा विषम टप्प्यांनी गळतात आणि पॅन शॉट थरथरतो. रिझॉल्व्हमध्ये काम सुरू झाल्यावर त्या टाइमलाइनचा फ्रेमरेट बदलता येत नाही, म्हणून हे पहिल्या क्लिपच्या आधीच ठरवा. ज्या क्लिपा स्लोच दाखवायच्या आहेत, त्यांना प्रीमिअरमध्ये ‘इंटरप्रिट फुटेज’मधून किंवा रिझॉल्व्हमध्ये ‘क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स’मधून सरळ टाइमलाइनचा फ्रेमरेट द्या. मग त्या १०० टक्क्यांवरच स्लो चालतात आणि हँडलचा हिशोबही सरळ होतो.

फक्त बघताना अडतं, की खरंच बिघडलंय?

यासाठी दहा मिनिटं सेटिंग शोधण्यापेक्षा तेवढाच पाच सेकंदांचा तुकडा एक्स्पोर्ट करून बघा. फाइल गुळगुळीत चालली तर एडिटमध्ये काही दोष नाही, मशीनला ते जागच्या जागी दाखवणं जमत नाहीये.

कारणंही समजण्यासारखी आहेत. ट्रान्झिशनच्या काळात एकाच वेळी दोन व्हिडिओ उलगडावे लागतात. ४०० टक्के वेगाला तेवढ्याच वेळात चौपट फुटेजमधून जावं लागतं. रिव्हर्स त्याहून जड. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि पुढच्या फ्रेममध्ये मुख्यतः झालेला बदल. उलटं चालवताना एक फ्रेम मागे जायला सॉफ्टवेअरला आधीच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून सगळं पुन्हा उलगडावं लागतं. म्हणून चांगल्या मशीनवरसुद्धा रिव्हर्स क्लिप धापा टाकते.

प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या प्रती, बनवा. प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे रिव्हर्स आणि रॅम्प दोन्ही हलके होतात. तेवढं करायचं नसेल तर प्लेबॅकचं रिझोल्यूशन अर्धं किंवा पाव करा, नाहीतर तेवढाच भाग रेंडर करून घ्या. प्रीमिअरमध्ये वरची लाल रेघ हिरवी झाली की रेंडर झालं, रिझॉल्व्हमध्ये लाल रेघ निळी होते.

एक्स्पोर्टमध्येही तोच दोष असेल, किंवा त्याहून विचित्र म्हणजे बदललेला स्पीड टाइमलाइनवर दिसतो पण एक्स्पोर्टमध्ये जुनंच ट्रान्झिशन येतं, तर जुन्या प्रिव्ह्यू फाइलवर, म्हणजे आधी रेंडर करून ठेवलेल्या फाइलवर, संशय घ्या. प्रीमिअरच्या एक्स्पोर्टमधलं ‘यूज प्रिव्ह्यूज’ बंद करा, त्या सीक्वेन्सच्या रेंडर फाइल पुसा आणि पुन्हा एक्स्पोर्ट करा. रिझॉल्व्हमध्ये रेंडर कॅश पुसायचा.

आवाज

२०० टक्के वेगाला आवाज एक सप्तक वर जातो, ५० टक्क्यांना एक सप्तक खाली. प्रीमिअरमध्ये ‘मेंटेन ऑडिओ पिच’, रिझॉल्व्हमध्ये ‘पिच करेक्शन’, फायनल कटमध्ये ‘प्रिझर्व्ह पिच’ चालू केलं की स्वर जागेवर राहतो. थोड्या फरकाला हे उत्तम, ५० टक्क्यांच्या खाली मात्र आवाज धातूच्या डब्यातून आल्यासारखा होतो. स्लो-मोखाली मूळ आवाज ठेवण्याचा हट्ट सोडा, दुसरा आवाज घाला. डिझॉल्व्हच्या जागी ‘टक्’ असा आवाज येत असेल तर चित्राला दिलेलं ट्रान्झिशन आवाजाला दिलेलं नसतं. दोन-तीन फ्रेमचा ऑडिओ क्रॉसफेड लावला की तो जातो. त्यालाही हँडल लागतं, तेही स्पीडच्या त्याच हिशोबाने.

मोबाइलचं आणि स्क्रीन रेकॉर्डिंगचं फुटेज

वरचं सगळं तपासलं, तरी कट दरवेळी दोन-चार फ्रेम सरकतात, आवाज हळूहळू मागे पडतो, ऑप्टिकल फ्लो ठरावीक अंतराने झटका देतो. असं असेल तर फाइलचा फ्रेमरेट स्थिर नाही. मोबाइल आणि बरेचसे स्क्रीन रेकॉर्डर सेकंदाला कधी ३०, कधी २८, कधी त्याहून कमी फ्रेम नोंदवतात. एडिटिंग सॉफ्टवेअरचा सगळा हिशोब समान अंतरावरच्या फ्रेमवर उभा असतो, आणि स्पीड बदलला की हा विषमपणा ताणला जाऊन जास्त दिसतो.

मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडून ‘फ्रेम रेट मोड’ बघा. तिथे ‘व्हेरिएबल’ लिहिलं असेल तर एडिट सुरू करण्याआधी हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्राममधून फाइल काढून घ्या. व्हिडिओच्या टॅबमध्ये टाइमलाइनला जुळणारा फ्रेमरेट द्या आणि त्याखालचं ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा. ‘पीक फ्रेमरेट’ चालणार नाही, त्यात फ्रेमरेट बदलताच राहतो. एडिट अर्ध्यावर आलं असेल तर नवी फाइल जुन्या क्लिपच्या जागी बदलून टाकता येते, पण कट पुन्हा तपासावे लागतील, कारण नव्या फाइलमध्ये त्या फ्रेम नेमक्या त्याच जागी नसतील.

सुरुवातीपासून करायचं असेल तर क्रम असा ठेवा: आधी फ्रेमरेट स्थिर आणि टाइमलाइनशी जुळता, मग स्पीड, मग ट्रिम, गरज असेल तर हँडलसह नेस्ट, आणि ट्रान्झिशन सगळ्यांत शेवटी. ट्रान्झिशन लावून झाल्यावर स्पीड बदलायची वेळ आलीच तर ते काढा, स्पीड बदला, कटवरची फट बघा आणि पुन्हा लावा.

एवढं करूनही बिघाड राहिला तर नवी टाइमलाइन उघडा. त्यात दोन लांब, न छेडलेल्या क्लिपा १०० टक्के वेगाने ठेवा, दोन्ही बाजूंना भरपूर हँडल सोडा आणि तेच ट्रान्झिशन लावा. तिथे ते नीट चाललं तर दोष तुमच्या मूळ क्लिपांत किंवा त्यांच्या हँडलमध्ये आहे. तिथेही बिघडलं तर ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अद्ययावत करा, ट्रान्झिशन बाहेरच्या प्लगइनचं असेल तर त्या जागी सॉफ्टवेअरचं स्वतःचं साधं डिझॉल्व्ह लावून बघा, आणि प्रीमिअरमध्ये प्रोजेक्ट सेटिंगमधला रेंडरर तात्पुरता ‘सॉफ्टवेअर ओन्ली’वर नेऊन तोच तुकडा पुन्हा एक्स्पोर्ट करा. त्यात तो व्यवस्थित आला तर अडचण कार्ड किंवा त्याच्या ड्रायव्हरकडे आहे.